फेब्रुवारीतले तीनशे रुपये

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले आणि पगारदारांच्या घरात आनंद झाला, तो स्वाभाविकच आहे. या सवलतीपायी केंद्राने सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या उत्पन्नावर पाणी सोडले. कुणाचे किती वाचले याची कोष्टके आठवडाभर फिरली. या रकमेत काय उभे राहिले असते, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. ते विचारायला हवे, कारण सरकारी दवाखान्यावर जे खर्च होत नाही ते शेवटी आपल्याच खिशातून जाते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी पदरमोड करून उचलला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, म्हणजे सुधारणा खरी आहे. पण सरकारी खर्च जीडीपीच्या १.८४ टक्क्यांवर होता, आणि २०१७ च्या आरोग्य धोरणाने २.५ टक्के गाठण्यासाठी दिलेले वर्ष २०२५ हेच होते. दागिने गहाण टाकून भरलेले इस्पितळाचे बिल हाही एक करच आहे. तो उत्पन्न पाहून नव्हे, दुखणे पाहून आकारला जातो.

सेवेसाठी जादा कर द्यावा का, याचे उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी दिले आहे आणि ते आजही बहुतेकांच्या पगारपत्रकावर छापलेले असते. ‘पीटी’ म्हणून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला. १९७२ च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर चालवायची, तर पैसा हवा होता. तो शहरांतल्या नोकरदारांकडून आणि व्यावसायिकांकडून घ्यायचा आणि खेड्यातल्या पाझर तलावांवर, नालाबांधावर, रस्त्यांवर राबणाऱ्यांना मजुरी म्हणून द्यायचा, असे ठरले. जोडीला इतर करांवर अधिभार बसवले आणि त्या वसुलीइतकीच रक्कम सरकारनेही घालायची होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून काम मागणे हा हक्क ठरला. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. मला या व्यवस्थेतले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की कर देणाऱ्याला पैसा कशासाठी जातो ते माहीत होते आणि घेणाऱ्याला तो मागण्याचा अधिकार होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पैसा तिकडे पोचतच नाही. तो खोटा नाही. रोजगार हमीसाठी गोळा झालेली रक्कम अनेक वर्षे खर्चापेक्षा जास्त होती आणि उरलेली राज्याच्या इतर गरजांत मुरली. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी घेतलेल्या उपकराचे ८३ हजार कोटींहून अधिक रुपये त्यासाठीच्या स्वतंत्र निधीत वळतेच झाले नाहीत, हे कॅगने २०१७ मध्ये दाखवले. पण म्हणून कर नको, हा निष्कर्ष निघत नाही. शिक्षण उपकराला नाव होते, त्यावर दावा सांगणारा कुणी नव्हता. रोजगार हमीत निदान मजूर मोर्चा घेऊन तहसील कचेरीवर जाऊ शकत होता, आणि मजूर जिथे संघटित होते तिथे कामे निघालीही. आरोग्यासाठीही असाच मागण्याचा हक्क द्यावा लागेल. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्राने त्याच वर्षी सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, पण तो शासनाचा निर्णय आहे, कायदा नव्हे. केसपेपर फुकट आणि औषध बाहेरच्या मेडिकलमधून, अशी वेळ आली तर रुग्णाने दाद कुठे मागायची?

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. जीएसटी, पेट्रोल, टोल यांतून सामान्य माणूस आधीच पिळला जातो, त्याच्याकडून आणखी काय घेणार? त्याच्याकडून घेऊच नये. महिना अकरा हजार मिळवणारा पुरुष कामगार आज वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरतो आणि महिना अकरा लाख मिळवणारा अधिकारीही तेवढाच भरतो. स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंत सूट मिळाली, ती पुरुषांनाही द्यावी आणि वरच्या टप्प्यांचे दर चढते ठेवावेत. अडचण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे. तिथली व्यवसाय कराची वार्षिक कमाल मर्यादा १९८८ मध्ये २५० वरून २,५०० रुपये झाली आणि तिथेच थांबली. भाववाढ धरली तर ती आज वीस हजारांच्या वर असायला हवी होती. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० करावी असे सुचवले होते. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल. राज्यातल्या ४८ लोकसभा खासदारांनी ती मागावी, आणि विधिमंडळाने त्या पैशाला आरोग्य हक्काच्या कायद्याची जोड द्यावी.