शहाण्या मुलांच्या गोष्टींपलीकडे

आई किंवा वडील दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळले की घरी येणारे-जाणारे त्या घरातल्या मुलाचे कौतुक करतात: पोर वयापेक्षा किती समजूतदार! कथा-कादंबऱ्या आणि चित्रपटांनाही हे मूल फार आवडते. ते औषधांच्या वेळा सांभाळते, धाकट्या भावंडाला समजावते आणि रडायचे झाले तर कोणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात रडते. आपले डोळे पाणावतात, पण त्या मुलाच्या मनात नेमके काय चालले आहे हे आपल्याला कळलेले नसते. अशी कथा जोखताना मूल किती धीराचे होते आणि आजार बरा झाला की नाही, हे प्रश्न मागाहून यावेत. त्या मुलाला कोणापाशीही बोलता न येणारा एखादा विचार सतावत असतो. तो कथेने उच्चारू दिला का, हे आधी पाहावे.

या कसोटीवर पॅट्रिक नेस यांची ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ (२०११) ही कादंबरी फार वरची ठरते. तिची मूळ कल्पना शिव्हॉन डाउड या लेखिकेची. २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि अपुरे राहिलेले बीज नेस यांनी वाढवले. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने खंगते आहे, वडील अमेरिकेत दुसऱ्या संसारात रमले आहेत आणि कडक शिस्तीच्या आजीशी त्याचे जमत नाही. मध्यरात्रीनंतर बारा वाजून सात मिनिटांनी यू जातीचे झाड राक्षस होऊन त्याच्याकडे येते, तीन गोष्टी सांगते आणि चौथी त्याने सांगावी असा हट्ट धरते. ती चौथी गोष्ट म्हणजे कॉनरचे गुपित. आईने जगावे असे त्याला मनापासून वाटते, आणि हे सगळे एकदाचे संपावे असेही वाटते. या दुसऱ्या इच्छेमुळेच आई जाणार, असे त्याने मनाशी धरले आहे. आपल्या मनातल्या विचाराने बाहेरची घटना घडते असे लहान मुले मानतात, हे झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने नोंदवले होते. कॉनर त्या वयातून बाहेर पडलेला आहे, तरी अपराधाची भावना वयाचा हिशेब ठेवत नाही. माणसाच्या मनात परस्परविरोधी विचार एकाच वेळी नांदू शकतात, आणि विचार म्हणजे कृती नव्हे, एवढेच राक्षस त्याला सांगतो.

या कादंबरीत मोठ्यांचे वागणेही बारकाईने टिपले आहे. कॉनर आजीच्या दिवाणखान्याची मोडतोड करतो, शाळेत एका मुलाला बेदम मारतो, तरी त्याला शिक्षा होत नाही. सगळ्यांची दया त्याला एकटा पाडते. शिक्षा झाली असती तर निदान आपण इतरांसारखेच आहोत असे त्याला वाटले असते. आईसुद्धा उपचारांबद्दल त्याला अर्धेच सांगते. तिचे शेवटचे औषध यू झाडापासून केलेले असते, आणि ही काही लेखकाची कल्पना नव्हे. पॅसिफिक यूच्या सालीतून मिळणारे टॅक्सॉल हे कर्करोगावरचे खरे औषध आहे. त्याची रासायनिक रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या संशोधकांत मनरो वॉल यांच्याबरोबर नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी होते. म्हणजे कॉनरची आशा वेडी नव्हती. खरे औषधही कधी कधी लागू पडत नाही, हे कादंबरी त्याच्यापासून लपवत नाही.

एवढे कठोर सत्य मुलांपुढे कशाला, त्यांना आशा द्यावी, असा आक्षेप येईल. पण आशा देण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) या चित्रपटात आई रुग्णालयात आहे आणि दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहतात. मियाझाकींची स्वतःची आईही मणक्याच्या क्षयाने अनेक वर्षे आजारी होती. आईचे घरी येणे लांबते तेव्हा इतके दिवस घर सांभाळणारी थोरली सात्सुकी धाकट्या मेईवर ओरडते आणि आई मेली तर, या भीतीने हमसून रडते. मेई मक्याचे कणीस घेऊन एकटीच रुग्णालयाच्या वाटेला लागते. आई पुढे घरी परतल्याचे श्रेयनामावलीतल्या चित्रांत दिसते, पण त्याआधी थोरलीचा समजूतदारपणा मोडू दिलेला असतो. म्हणून हा सुखान्त फसवा वाटत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा. हा राग, ही सुटकेची इच्छा पाश्चात्त्य मुलांची. आपल्याकडे मातृभक्ती आहे, असे म्हणताना ‘श्यामची आई’कडे बोट दाखवले जाते. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातला श्याम मात्र आदर्श बालक नाही. तो पोहायच्या भीतीने लपून बसतो, चुकतो, मार खातो. आईच्या अखेरच्या वेळी तो शिक्षणासाठी दूर असतो आणि तिची भेट होत नाही. भक्तीबरोबर ही रुखरुखही पुस्तकात आहे. आपण पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून भक्तीच तेवढी उचलली. जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ (२०१२) तर माहीममधल्या गोवन कुटुंबाची कादंबरी. आईच्या मनोविकाराच्या छायेत वाढलेला मुलगा तिच्यावर जीव लावतो, चिडतो, तिच्या विनोदांवर हसतो आणि हेच आपल्याही वाट्याला येईल का म्हणून धास्तावतो. शांता गोखले यांनी ती मराठीत आणली आहे. तेव्हा अशा भावना परक्या आहेत, असे म्हणायला जागा उरत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: साहित्य म्हणजे समुपदेशन नव्हे, त्याला उपयोगाची फूटपट्टी का लावावी? ही फूटपट्टी मात्र कलेचीच आहे. सी. एस. लुईस नऊ वर्षांचे असताना, १९०८ मध्ये, त्यांची आई कर्करोगाने गेली. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ (१९५५) या कादंबरीत त्यांनी डिगरी या मुलाच्या आजारी आईला जादूच्या सफरचंदाने बरे केले. तरी ती गोष्ट खोटी पडत नाही, कारण ते फळ चोरून आईकडे न्यायचा मोह डिगरीला खराखुरा छळतो. निव्वळ शहाण्या मुलाला असा मोह पडत नाही, म्हणून त्याला निवडही करावी लागत नाही, आणि निवड नसलेले पात्र कागदावरच राहते. मुलासाठी असे पुस्तक निवडणाऱ्या पालकाने, शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने शेवटचे पान आधी उलटून पाहण्याची गरज नाही. त्या मुलाला कुठे चिडू दिले आहे, कुठे चुकू दिले आहे, ती पाने शोधावीत. ती सापडली नाहीत, तर पुस्तक मोठ्यांच्या समाधानासाठी लिहिले आहे असे खुशाल समजावे.