कान पांघरणारी माणसं

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, वेझले गावच्या टेकडीमाथ्यावर मेरी मॅग्दालेनच्या नावाचं मठाचं चर्च आहे. मुख्य दारातून शिरलं की आधी प्रशस्त मुखमंडप लागतो. तिथल्या मंद उजेडाला डोळे सरावले की आतल्या दारावरचा शिल्पपट दिसू लागतो. मधोमध ख्रिस्त, आणि त्याच्या हातांतून निघून शिष्यांच्या डोक्यांपर्यंत पोचलेले किरण. जगभर जाऊन शिकवण सांगा, असा हा आदेश.

हे जग पसरलंय तरी कुठवर? त्याचं उत्तर खालच्या पट्टीत कोरलंय. तिथं एक ठेंगू माणूस घोड्यावर बसायला शिडी लावून चढतोय. उजव्या टोकाला सुपाएवढ्या कानांची माणसं उभी आहेत.

हे कान मराठी वाचकाला अगदीच परके नाहीत. महाभारतात सहदेवाच्या दिग्विजयात ‘कर्णप्रावरण’, म्हणजे कान पांघरणारे लोक येतात. भारतात आलेल्या मेगॅस्थेनिसनं पायांपर्यंत लोंबणाऱ्या, अंथरूण होणाऱ्या कानांच्या माणसांची गोष्ट ग्रीकांना सांगितली. पुढं लॅटिन ग्रंथांतही असे लोक आले आणि 1130च्या सुमारास ते इथं दगडात उतरले. त्या अनाम शिल्पकारानं त्यांना हाकलून दिलेलं नाही. निमंत्रितांच्या रांगेत उभं केलंय. हा मोठेपणा थक्क करतो.

1120च्या आगीनंतर नव्यानं उभारलेला मधला दालनभाग सुमारे 62 मीटर लांब आणि 18 मीटर उंच आहे. फिकट आणि गडद दगड आलटून पालटून बसवलेल्या अर्धवर्तुळाकार कमानी एकामागून एक पुढं जातात. एका स्तंभशीर्षावर मोझेस गिरणीत धान्य ओततोय आणि संत पॉल खाली पोतं धरून पीठ गोळा करतोय: जुन्या करारातलं धान्य, नव्या करारातलं पीठ. दळणाची घाई दोघांच्या वाकलेल्या पाठींत दिसते.

या कमानींवरच्या देखण्या दगडी छतानंच इमारतीचा घात केला. दगडी छताचा भार नुसता खाली उतरत नाही, तो भिंतींना बाहेरही रेटतो. इथं भिंती हळूहळू कलल्या आणि वरच्या कमानी पसरून चपट्या झाल्या. त्यात माणसांनीही हात धुऊन घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीत बाहेरच्या दारावरचं शिल्प फोडलं गेलं. मुखमंडपाच्या आतलं मात्र वाचलं. 1834 मध्ये स्मारकांचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे आत बसून चित्रं काढत होते, तेव्हा त्यांच्या आजूबाजूला वरून खडे पडत होते.

1840 मध्ये हे काम विओले-ल-द्युक या 26 वर्षांच्या तरुणाकडे आलं. मोडकळीला आलेल्या कमानी उतरवून त्यानं पुन्हा बांधल्या, बाहेरून कमानदार टेकू दिले. झिजलेल्या स्तंभशीर्षांच्या जागी प्रती बसल्या. मूळ दगड आता शेजारच्या संग्रहालयात आहेत. बाहेरच्या दारावर आज दिसतं ते शिल्पही एकोणिसाव्या शतकातलं. तो नसता तर चर्च उरलं नसतं, पण बाराव्या शतकाची छिन्नी नेमकी कुठं थांबते, हे आता एकेका खांबापाशी जाऊन विचारावं लागतं.

भिंतींचा कल मात्र अस्सल आहे. दालनाच्या मधोमध उभं राहून वर पाहिलं की दोन्ही भिंती माथ्याशी एकमेकींपासून दूर सरकलेल्या दिसतात.