आबांची जावा पुन्हा सुरू झाली

आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात एक मोटारसायकल १७ वर्षे उभी होती. अंगावर गोणपाट, हँडलला अडकवलेली जुनी दावी, आणि सीटच्या फाटक्या खळग्यात कोंबडीने अंडी घालावीत अशी तिची अवस्था झाली होती. भंगारवाला वर्षातून दोनदा तरी यायचा आणि तिच्याकडे बोट दाखवून वजनाचा भाव सांगायचा. आई त्याला चहा पाजून परत पाठवायची.

ही गाडी आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची. उसाच्या बिलातून त्यांनी ती १९७१ साली घेतली. गाडी जावा २५०. चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने मैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होत. पुढे त्याच कारखान्याची गाडी ‘येझदी’ नावाने निघू लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. दुधाचे कॅन, खताच्या पिशव्या, विहिरीवरच्या मोटारीचे जळालेले कॉइल, पाहुणेरावळे असे सगळे या गाडीवरून गेले. चेन पूर्ण झाकलेली असल्याने बांधावरची धूळ आणि चिखल तिला बाधत नसे.

आता खरे सांगायचे तर ही गाडी बंद पाडली ती मीच. २००६ साली आबांना न सांगता मी ती तालुक्याला नेली आणि पंपावर टाकी भरली. नुसत्या पेट्रोलने! त्यात तेल घालायचे राहून गेले. येताना निम्म्या वाटेत इंजिन ‘खट्’ करून आवळले आणि मागचे चाक फरफटत गेले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गाडी घरी आणली. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी गाडी गोठ्यात लावली आणि वर गोणपाट टाकले. २०१९ मध्ये आबा गेले, तोपर्यंत ते गोणपाट निघाले नाही.

भंगार की दुरुस्ती?

२०२३ च्या पावसाळ्यात थोरल्या दादाने विषय काढला. कडबाकुट्टीसाठी त्याला तो कोपरा हवा होता. “देऊन टाकू आता. लोखंड हाय ते, सोनं न्हवं,” तो म्हणाला. त्याचेही चूक नव्हते. आमची शेती वाटून झालेली आहे, गोठा तेवढा सामाईक आहे. मी म्हटले, मला सहा महिने दे. तोवर सुरू झाली नाही तर तूच भंगारवाल्याला बोलाव.

चुलीपुढे बसलेली आई एवढेच म्हणाली, “थोरल्याला पान लागलं व्हतं त्या रातीला हीच गाडी व्हती म्हणून तो आज बोलतोय.” १९७८ च्या पावसात दादाला साप चावला होता. आबांनी त्याला पुढे टाकीवर बसवून, पोटाशी पंचाने बांधून तालुक्याच्या दवाखान्यात नेले होते. दादा उठून बाहेर गेला. त्याने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

पहिली गोष्ट : किक मारू नका

जुनी गाडी बाहेर काढली की पहिला मोह होतो किक मारून बघण्याचा. तो टाळावा. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टन गंजाने सिलिंडरला धरून बसलेला असतो. जोर केला तर रिंगा तुटतात. आम्ही प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सारखे मिसळून घातले आणि आठ दिवस हात लावला नाही. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे असे हलवले. दहाव्या दिवशी पिस्टन हलला.

गाडी खोलण्याआधी माझ्या नववीतल्या मुलीने मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. कोणती तार कुठे जाते हे तिने वहीत लिहिले. निघालेला प्रत्येक नटबोल्ट अंड्याच्या ट्रेमध्ये, खाली चिठ्ठी लावून ठेवला. हे काम कंटाळवाणे वाटते, पण नंतर निम्मा वेळ वाचतो तो यानेच. हवेच्या गाळणीत उंदराचे घर निघाले, आणि सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीची भिंत घातली होती. या गाडीला सिलिंडर एकच, पण धूर जायला सायलेन्सर दोन. दोन्ही बुजले होते.

टाकीतला गंज आणि आजीची चिंच

टाकीत जुन्या पेट्रोलचा काळा चिकटा आणि खाली गंजाचा थर होता. आई म्हणाली, तांब्याचा हंडा चिंचेने निघतो, मग ही का निघणार नाही? तिचे बरोबर होते. काम आंबटाचेच आहे. आम्ही किराणा दुकानातले लिंबूसत्त्व आणले. गरम पाण्यात लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात विरघळवून टाकी रात्रभर भरून ठेवली. सकाळी आत मूठभर नट टाकून टाकी हलवली तेव्हा तांबडे पाणी बाहेर आले. दोनदा असे केल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले, उन्हात खडखडीत वाळवले आणि लगेच आतून तेलाचा हात फिरवला. नाहीतर दुसऱ्याच दिवशी गंज पुन्हा धरतो.

एक इशारा इथेच देतो. टाकीला भोक असेल तर ती तशीच वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि ठिणगीने स्फोट होतो. तसेच जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पंपाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पेट्रोलचे काम चुलीपासून लांब आणि उघड्यावर करावे, आणि बंद खोलीत इंजिन चालवू नये. त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही.

ठिणगी, पेट्रोल आणि दाब

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात : वेळेवर ठिणगी, योग्य मिश्रण आणि सिलिंडरमध्ये दाब. उंदरांनी कुरतडलेल्या तारा आम्ही नव्या घातल्या. पॉइंट बारीक पॉलिश कागदाने घासून त्यांच्यात ०.४ मिलिमीटर फट ठेवली. सहा व्होल्टची नवी बॅटरी आणली. कार्बोरेटर खोलून प्रत्येक भोक साफ केले. भोकात तार खुपसू नये, भोक मोठे होते. ऑगस्टच्या एका सकाळी चौथ्या किकला गाडी बोलली. सगळे अंगण निळ्या धुराने भरले. पोरे नाचली, आई दारात येऊन उभी राहिली.

मी लगेच गाडी रस्त्यावर काढली. तीन किलोमीटर गेलो, आणि चढावर तोच आवाज : ‘खट्’. इंजिन पुन्हा आवळले. १७ वर्षांपूर्वीच्याच वाटेवर मी गाडी ढकलत घरी आणली. या वेळी तर तेल घातले होते. मग चुकले कुठे?

चुकले होते घाईत आणि काटकसरीत. हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आपल्या पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाचे इंजिनही बहुधा याच जातीचे, म्हणजे टू-स्ट्रोक असते. या इंजिनात मिश्रण आधी पिस्टनखालच्या खोलीत येते. पिस्टन खाली आला की ते दाबले जाऊन वर जाते. म्हणून ती खालची खोली हवाबंद हवी. तिला हवाबंद ठेवतात क्रँकवरची रबरी ऑइल सीले. ती इतक्या वर्षांत लाकडासारखी कडक झाली होती. त्यांच्या कडेने फुकटची हवा आत शिरत होती. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, कारण पिस्टनला मिळणारे तेल पेट्रोलबरोबरच येते. इंजिन तापले, पिस्टन फुगला आणि सिलिंडरला चिकटला. सीले बदलायची तर पूर्ण इंजिन उघडावे लागते, म्हणून मी ‘पुढे बघू’ म्हणून ते काम सोडले होते. शिवाय २००६ मध्ये सिलिंडरवर पडलेले ओरखडेही तसेच होते.

पहिल्यांदा अज्ञानाने आणि दुसऱ्यांदा घाईने, अशी गाडी दोनदा माझ्याच हातून बंद पडली. त्या रात्री मी जेवलो नाही.

दादा कोल्हापूरला आला

मला वाटले, दादा आता भंगारवाल्याला निरोप देणार. सकाळी तो आला, हँडल धरून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “इंजिन खाली घे. कोल्हापूरला जाऊ. मी पण येतो.”

ऑइल इंजिनच्या काळापासून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली कारागिरी आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. तिथल्या एका वयस्कर कारागिराने सिलिंडर बोटाने चाचपला आणि सांगितले की बोअर करावा लागेल. सिलिंडर थोडा मोठा कोरून त्यात मोठ्या मापाचा पिस्टन आणि नव्या रिंगा बसवल्या. क्रँकची बेअरिंगे आणि सगळी सीले नवी घातली. कारखाना कधीच बंद झाला असला तरी शौकीन पुष्कळ असल्याने या गाडीचे सुटे भाग अजून मिळतात. ‘जावा’ नावाने २०१८ पासून नव्या गाड्या निघाल्या आहेत, पण त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्यांचे पिस्टन किंवा सीले जुन्या गाडीला चालत नाहीत. भाग घेताना गाडीचे साल आणि इंजिन नंबर सोबत न्यावा.

बिल झाल्यावर मी खिशात हात घातला, तेवढ्यात दादाने पैसे पुढे केले. परतीच्या एस.टी.त तो म्हणाला, “त्या रातीचं मला एवढंच आठवतंय. आबा सारखं म्हणत व्हतं, झोपू नगं, किती आलं ते मोज. मी टाकीवर बसून मैलाचं दगड मोजत गेलो.”

रंग नको, ब्रेक हवा

इंजिन झाल्यावर लोक सल्ले देऊ लागले की आता चकचकीत रंग मारा. आम्ही आधी ब्रेकचे लायनर, दोन्ही टायर-ट्यूब, सगळ्या केबली आणि चेन बदलली. गाडी चालण्याआधी थांबता आली पाहिजे. टाकीचा मूळ तांबूस रंग मात्र धुऊन-पुसून तसाच ठेवला. आबांच्या गुडघ्यांनी जिथे तो झिजला आहे ती जागा झाकायची कुणाचीच इच्छा नव्हती. एकूण खर्च दोन चांगल्या शेळ्यांच्या किमतीएवढा आला. निम्मे काम घरी केले म्हणून तेवढ्यात भागले.

कागदपत्रांची कुचराईही आम्हाला भोवली. गाडीचा मालक वारला तर वारसाने आरटीओला ३० दिवसांत कळवावे आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. आम्ही चार वर्षे काहीच केले नव्हते. शिवाय १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. दोन्हीचा दंड पडला. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय आहे. पण तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, म्हणून आम्ही साधे नूतनीकरणच केले. तुमच्या घरात वडिलांच्या नावावर गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर हे काम आजच बघा.

आणखी एक ध्यानात ठेवावे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे! पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुन्या पद्धतीचे रबर खराब करते. म्हणून जुन्या गाडीला पेट्रोलची नळी नवीन, चांगल्या प्रतीची घालावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करावा. फवारणी पंपालाही हेच लागू आहे.

चार झाकणे

नवा पिस्टन बसायला वेळ द्यावा लागतो. कारागिराने सांगितल्याप्रमाणे पहिले ५०० किलोमीटर हळू चालवली आणि पेट्रोलच्या लिटरला ५० मिलि टू-स्ट्रोक तेल घातले. आता ४० मिलि घालतो. मापाला औषधाच्या बाटलीचे १० मिलिचे झाकण आहे, लिटरला चार झाकणे. ते झाकण दोऱ्याने हँडललाच बांधले आहे.

दिवाळीच्या पाडव्याला पहिली फेरी कुणी मारायची असा प्रश्न निघाला. मी चावी दादाकडे दिली. तोच दांडा वर उभा केला की किक आणि पुढे लोटला की गिअर, ही जावाची रीत त्याचे पाय विसरले नव्हते. मागे आई बसली. मळ्यापर्यंत जाऊन दोघे परत आले. आई उतरली आणि पदराने टाकी पुसत म्हणाली, “आवाज त्योच हाय.”

कडबाकुट्टी आता गोठ्याच्या दुसऱ्या बाजूला बसवली आहे. आठवड्यातून दोनदा दादा डेअरीला जावा घेऊन जातो. टाकीच्या झाकणाशेजारी माझ्या मुलीने एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर दोनच शब्द आहेत : ‘तेल घातले?’

ती चिठ्ठी कुणासाठी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.