अपंगत्व पेन्शन नाकारली गेल्यास अपील कसें करावें

सातारा, कोल्हापूर आदि जिल्ह्यांत शेतकरी घराण्यांतील मुलांनीं सैन्यांत जाण्याची चाल जुनी आहे. त्यांपैकीं कित्येक शरीरानें अधू होऊन परत येतात, अपंगत्व पेन्शन मागतात, आणि ‘आजार सेवेमुळें झालेला नाहीं’ असें उत्तर आलें कीं गप्प बसतात. हें गप्प बसणें नुकसानीचें आहे. म्हणून ही माहिती आम्ही येथें देत आहों.

या पेन्शनीस सामान्यतः दोन गोष्टी लागतात: अपंगत्व शेंकडा २० अथवा अधिक असणें, व तें सेवेमुळें उद्भवलेलें किंवा वाढलेलें असणें. नकार बहुधा दुसऱ्या मुद्द्यावर येतो. धरमवीर सिंग यांच्या खटल्यांत २०१३ सालीं सुप्रीम कोर्टानें १९८२ च्या नियमांचा अर्थ स्पष्ट केला. भरतीच्या वेळीं आजाराची नोंद नसेल, तर शिपाई निरोगी होता असें धरावें. आजार सेवेमुळें झाला हें दाखविण्याचा भार त्याजवर नाहीं. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत; त्यानंतर सेवेंतून सुटलेल्यांनीं आपलें प्रकरण त्या नियमांशीं ताडून पाहावें.

फेरफाराची नोंद चुकली तर आपण मुदत पाहून, कागद जोडून प्रांताकडे अपील करतों. येथेंही रीत तीच. नकाराचें पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांचे आंत प्रथम अपील करावें. तें फेटाळल्यास द्वितीय अपील, व त्यानंतर २००७ च्या कायद्यानें स्थापिलेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठीं त्याचें पीठ मुंबईस आहे. अंतिम निर्णयापासून सहा महिन्यांत तेथें जावें. अपिलास सहा महिने उत्तरच न आलें, तरीही जातां येतें.

अपिलांत गरिबीचें वर्णन पुष्कळ आणि नकाराच्या कारणास उत्तर मात्र नाहीं, असें होऊं नये. भरतीच्या वेळची तपासणी, इस्पितळाचे कागद, नेमणुकीचीं ठिकाणें आणि सुटतेवेळचा वैद्यकीय मंडळाचा अहवाल जोडावा. कागद जवळ नसल्यास रेकॉर्ड ऑफिसकडे, जरूर तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यान्वयें, मागावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचें साहाय्य घ्यावें.

उशीर झालेल्यांनींही आशा सोडूं नये. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊं शकतो. परंतु तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालानुसार मागील बाकी सामान्यतः दावा दाखल करण्यापूर्वींच्या तीन वर्षांचीच मिळते. दहा वर्षें थांबलेल्याची सात वर्षांची रक्कम बुडते. यास्तव ज्यांच्या घरीं असें नकाराचें पत्र पेटींत पडून असेल, त्यांनीं तें आजच बाहेर काढावें.