खेळाचा तास कुठे गेला?

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला आणि आमच्या बोलण्यात मुलांचा विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "माझी पोरगी पाचवीत आहे. खेळाच्या तासाला गणितच होतं म्हणते." दुसऱ्या म्हणाल्या, "आमच्याकडे तास होतो, पण पोरं खेळतात आणि पोरी ओट्यावर बसून बघतात." चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या इतर गटांत विचारलं, तर पुष्कळ ठिकाणी हेच ऐकायला मिळालं.

सगळा दोष गुरुजी-बाईंवर टाकून चालणार नाही. लहान शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग चार. शिकवायचं त्यांनीच, पोषण आहाराच्या नोंदीही त्यांनीच करायच्या. शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीला आणि पट शंभराच्या वर असेल तरच. म्हणजे पहिली ते पाचवीचा खेळ वर्गशिक्षकांवरच येतो. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी तर मैदानावर उभंही राहवत नाही.

काही जणी म्हणतात, "आमची पोरं शेतात राबतात, त्यांना आणखी व्यायाम कशाला?" कापूस वेचताना पाठ वाकते आणि अंग दुखतं. खेळात धावणं, उडी मारणं, तोल सांभाळणं येतं. हरलं तरी पुन्हा उभं राहणंही तिथेच शिकायला मिळतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटं तरी अंगमेहनतीची हालचाल करावी.

पोरींचं दुखणं वेगळं आहे. सहावी-सातवीत पाळी सुरू होते, आणि "आता मोठी झालीस" म्हणून आपणच तिला बसवतो. पाळीत खेळलं तर काही बिघडत नाही. त्रास होत असेल तर तिने विश्रांती घ्यावी, पण ते तिने ठरवावं. खेळाच्या दिवशी तिला सलवार किंवा ट्रॅकपँट द्या, आणि शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का ते बघा. आपण आखाजीला झोके घेत होतो, फुगड्या घालत होतो. मग लेकीला ओट्यावर का बसवायचं?

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सही करून घरी येऊ नका, तीन प्रश्न विचारा. वेळापत्रकात खेळाचे तास किती आणि होतात किती? समग्र शिक्षा योजनेत खेळ साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार आणि उच्च प्राथमिकला १० हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. यंदा किती आले आणि त्यातून काय घेतलं? आणि तिसरा, पोरींची पाळी कधी येते?

साहित्य नाही म्हणून अडू नका. लंगडीला फक्त चुन्याची रेघ लागते. खो-खोला दोन खांब पुरतात, ते गावचा सुतार करून देतो. याच खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला. आपल्या मुलींच्या संघाने तो जिंकला, आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे.

आमच्या एका गावात समितीतल्या दोघी आयांनी हे विचारलं. आधी हसू झालं. मग शनिवारच्या सकाळच्या शाळेत पहिला तास खेळाचा ठरला. आम्ही बायांनी मैदानातले दगड-काटे वेचले, गावाने दोन ट्रॉली मुरूम टाकला, पाण्याचा माठ आला. रोजचा तास अजून मिळालेला नाही, त्यासाठी भांडणं चालूच आहे. पण शनिवारी ओटा रिकामा असतो.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की हा विषय काढा.