रतनपूर : तोफेआधीचा पराभव

१७४१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या वाटेवर रतनपुरापुढे येऊन ठाकले आणि सुमारे सात शतके छत्तीसगडावर नांदलेली हैहयवंशाची सत्ता जवळजवळ लढाईविनाच संपली. वृद्ध राजा रघुनाथसिंह पुत्रशोकाने खचला होता. तोफांनी वाड्याचा काही भाग ढासळताच तटावर पांढरे निशाण चढले; ते एका राणीने चढविले, असे सांगतात.

सारा दोष त्या शोकाकुल म्हाताऱ्याच्या माथी मारणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मोगल काळातील कल्याणसाय राजाच्या जमाबंदीच्या वहीत १४,२०० सैनिक आणि ११६ हत्ती नोंदलेले आहेत. ते १७४१ मध्ये कोठे होते? गढ्या भाऊबंदांत आणि सरदारांत वाटल्या गेल्या होत्या. जमीन, वसूल व माणसे त्यांच्याकडे. राजाकडे उरली ती वही. (नोकरीत अशा वह्या मीही पुष्कळ पाहिल्या.)

रायपूरला याच कुळाची धाकटी पाती राज्य करीत होती. तेथील अमरसिंहानेही हत्यार उचलले नाही. भोसल्यांनी त्याला काही वर्षे तसेच राहू दिले; पुढे निर्वाहापुरते परगणे देऊन त्यालाही बाजूला सारले.