१९४८ ची ‘पोलीस ॲक्शन’ : साहित्य, चित्रपट आणि वर्गातील इतिहास

प्रस्तावना

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी ध्वजवंदन होते. या एकाच दिवसाला अनेक नावे आहेत. मराठवाड्यात तो ‘मुक्तिसंग्राम दिन’ आहे. आपल्याकडे २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ हे नाव रूढ झाले. तेलंगणा शासनाने २०२२ मध्ये तो ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून पाळला. उर्दू लेखनात मात्र त्याच घटनेसाठी ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचे पतन, हा शब्द आढळतो. वर्गात या सर्व परंपरांतील घरांची मुले एकत्र बसलेली असतात. म्हणून साहित्याने व चित्रपटांनी या युद्धाचे चित्रण कसे केले, हे शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

युद्ध की पोलीस कारवाई?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य तुकडी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे पुढे सरकली. १७ सप्टेंबरच्या पहाटे सैन्य बिदरला पोहोचले आणि त्याच दिवशी निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. रणगाडे व विमाने वापरूनही तिला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले गेले. हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेली होती. हा दोन देशांमधील संघर्ष नसून अंतर्गत प्रश्न आहे, ही भारताची भूमिका त्या शब्दातून व्यक्त होत होती. पुढे तोच शब्द खेड्यापाड्यांत कालगणनेचे साधन झाला. ‘पोलीस ॲक्शनच्या साली’ असे सांगून जुनी माणसे जन्म-मृत्यूचा हिशेब लावीत.

शासकीय भाषा आणि माणसाचा अनुभव यांतील हे अंतर केवळ आपल्याकडचे नाही. जर्मन लेखक रेमार्क याने पहिल्या महायुद्धावरील आपल्या १९२९ च्या कादंबरीचे शीर्षकच लष्करी वार्तापत्राच्या भाषेतून घेतले. आघाडीवर विशेष काही नाही, असे ज्या दिवशी नोंदले जाते, त्याच दिवशी कथानायक मरतो. १९३३ मध्ये नाझींनी ही कादंबरी जाळली.

साहित्यातील तीन दृष्टी

पहिली दृष्टी मुक्तिलढ्याची. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे या परंपरेतील प्रमुख ग्रंथ होत. निजामी राजवटीतील दडपशाही व रझाकारांचे अत्याचार त्यांत नोंदले आहेत. या अत्याचारांत कल्पित काही नाही. बिदर जिल्ह्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड आजही लोकस्मृतीत आहे. तेथील स्मारकाचे उद्घाटन २०२३ मध्ये झाले.

दुसरी दृष्टी पराभूतांची. संस्थानचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांनी या घटनेला ‘शोकांतिका’ म्हटले. जीलानी बानो यांच्या ‘ऐवान-ए-ग़ज़ल’ या कादंबरीत हैदराबादच्या सरंजामी घराण्यांचा ऱ्हास दिसतो. तेथे आक्रोशाबरोबर आत्मपरीक्षणही आहे.

तिसरी दृष्टी शेतकऱ्याची. कृष्ण चंदर यांच्या ‘जब खेत जागे’ या उर्दू कादंबरीवरून गौतम घोष यांनी १९७९ मध्ये ‘मा भूमी’ हा तेलुगू चित्रपट केला. सत्ता बदलली तरी जमीनदार परत येतो, हा त्याचा रोख आहे.

अलीकडील चित्रपटांनी, उदाहरणार्थ मराठी ‘रझाकार’ (२०१५) व त्याच नावाचा तेलुगू चित्रपट (२०२४), पहिल्या दृष्टीतील अत्याचाराचा भाग केंद्रस्थानी आणला. चित्रपटाला नायक, खलनायक व विजयी शेवट हवा असतो. त्यामुळे विजयानंतर सामान्य माणसाचे काय झाले, हा प्रश्न सहसा पडद्याबाहेर राहतो.

पडद्याबाहेर राहिलेले

तो प्रश्न विचारण्यासाठी केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सद्भावना मंडळ पाठविले होते. काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याचे अन्य सदस्य होते. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी दौरा केला. कारवाईच्या काळात व नंतर २७ ते ४० हजार लोक मारले गेले, असा त्यांचा सावध अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक पोळले. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना खुला झाला.

याच अहवालात एक नोंद आहे, जी प्रत्येक वर्गात सांगितली पाहिजे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांचे प्राण वाचविले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. दुसऱ्या बाजूस ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. ‘ते’ आणि ‘आपण’ अशी विभागणी या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

शिक्षकांसाठी

हा विषय शिकविताना तीन गोष्टी करता येतील. एक, या दिवसाची सर्व नावे फळ्यावर लिहून ‘हे नाव कोणी दिले व का?’ असे विचारावे. दोन, एखाद्या चित्रपटातील प्रसंग व एखादा अहवाल वा आठवण शेजारी ठेवून दोहोंत काय गाळले आहे, ते शोधण्यास सांगावे. तीन, विद्यार्थ्यांना घरातील वृद्धांकडून ऐकलेल्या हकिकती लिहून आणू द्याव्यात. मात्र गावातील कोणावर दोषारोप होईल अशी नावे त्यांत नसावीत.

समारोप

गोरट्याचे दुःख सांगितल्याने सप्टेंबरनंतरचे दुःख खोटे ठरत नाही आणि सप्टेंबरनंतरचे सांगितल्याने गोरट्याचे पुसले जात नाही. एकच बाजू ऐकून घरी जाणारा विद्यार्थी शेजाऱ्याकडे संशयाने पाहील. दोन्ही ऐकून जाणारा निदान त्याच्याशी बोलू शकेल. चित्रपट हे काम आपल्यासाठी करणार नाही. ते वर्गातच व्हावे लागेल.